स्टीक, स्टीलचा पॅन आणि चमचाभर पाणी

घावन घालण्याआधी तवा तापला का, हे बघायला आपण त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतो. थेंब चुर्र करून विरला की तवा तापतोय इतकं कळतं. आच वाढवत नेली तर मात्र भलतंच होतं. थेंब विरतच नाही. पाऱ्याच्या गोळीसारखा तव्यावर सैरावैरा पळत सुटतो. म्हणजे तवा जास्त तापल्यावर पाणी जास्त वेळ टिकतं!

ड्युइसबर्गचे वैद्यकाचे प्राध्यापक योहान गोटलोब लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ साली तापून लाल झालेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून या प्रकाराचं वर्णन करून ठेवलं. थेंबाचा तळ इतक्या झपाट्याने उकळतो की त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. वाफेतून उष्णता फार सावकाश जाते, म्हणून वरचा थेंब वाचतो. घरच्या स्टीलच्या पॅनवर हे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं. स्टेनलेस स्टीलच्या पॅनमध्ये स्टीक, म्हणजे बीफचा बोट-दीड बोट जाडीचा सबंध तुकडा, भाजणारे लोक हीच खूण वापरतात. थेंब पळाला की पॅन तयार. ‘स्टीकसुद्धा थेंबासारखा वाफेवर तरंगतो, म्हणून चिकटत नाही’ असं सांगणारे भेटतात, पण एवढा वजनदार तुकडा काही तरंगत नाही. थेंब हा इथे बिनपैशाचा थर्मामीटर, एवढंच.

मग मांस चिकटतं कशामुळे? कच्च्या मांसातली प्रथिनं म्हणजे गुंडाळून ठेवलेले लांबलचक धागे. ऊब लागली की हे धागे उलगडतात आणि त्यांची एरवी आत दडलेली टोकं जे समोर येईल त्याला धरतात. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअरली यांनी १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी झिजणार नाही असं पोलाद शोधताना जे न गंजणारं पोलाद ओतलं, त्याची सगळी किमया या थरातच होती. तो पोलादाला गंजापासून वाचवतो, पण प्रथिनांना झिडकारत नाही. पॅन कोमट असेल तर धाग्यांना धातू धरायला भरपूर सवड मिळते. पॅन कडकडीत असेल तर ते धातूला घट्ट धरण्याआधीच एकमेकांत गुंतून, वाळून कडक होतात. अशी कडक झालेली साय मग आपोआप सुटते. सुरमईची तुकडी तव्यावर टाकून लगेच उलटायला गेलं की तिचा चुरा होतो आणि दम धरला की ती अलगद उलटते, ते याच कारणाने.

इथेच चमचाभर पाणी घात करतं. समजा, मांस पुसलं नाही आणि त्यावर पाच ग्रॅम पाणी राहिलं. ते २० अंशांवरून १०० पर्यंत तापवून त्याची वाफ करायला सुमारे १३ किलोज्यूल उष्णता लागते. त्यातली बहुतेक नुसती वाफ करण्यात जाते. पाणी तापवण्याचा वाटा जेमतेम आठवा. ही सगळी उष्णता एक किलोच्या स्टीलच्या पॅनमधून आली तर पॅन २६ अंशांनी थंड होईल, आणि अर्ध्या किलोचा पातळ पॅन ५० हून जास्त. शिवाय फ्रीजमधून काढलेलं मांस पॅनला गार करतं, ते वेगळंच. म्हणून स्टीक कागदाने खसखसून पुसायचा. मीठसुद्धा एकतर अगदी टाकताना लावायचं, नाहीतर पाऊण-एक तास आधी. मधल्या वेळात लावलं तर मिठाने ओढलेलं पाणी पृष्ठभागावर तरारून बसतं, परत आत मुरायला त्याला वेळच मिळत नाही.

पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खरपूसपणा साधारण १४० च्या पुढे जोमाने येतो. कांदा-खोबरं वाटणासाठी भाजताना घरभर जो वास सुटतो, त्यात साखर करपण्याइतकाच हात प्रथिनांच्या घटकांचा, म्हणजे अमिनो आम्लांचा, आणि साखरेच्या संयोगाचा असतो. फ्रान्सच्या लुई कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. त्यांना स्वयंपाकाशी कर्तव्य नव्हतं. शरीरात प्रथिनं कशी बनतात याचा ते माग काढत होते. या गुंतागुंतीच्या साखळीचा नकाशा १९५३ साली अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या जॉन हॉज यांनी मांडला.

या खरपूस थरामुळे ‘रस आत कोंडला जातो’ हा समज मात्र चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युस्टुस फॉन लीबिग यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने तो मांडला, म्हणून फार टिकला. तो खोडायला प्रयोगशाळा नको, कान पुरेत. थर तयार झाल्यावरही चुर्र आवाज चालूच असतो. तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच!

तेलाचंही एक गौडबंगाल आहे. पॅनच्या मधोमध तेल ओतावं आणि ते कडेला सरकून मधला भाग कोरडा पडावा, हे सगळ्यांनी पाहिलं असेल. आपण गॅसची शेगडी वाकडी समजतो. खरं तर तापलेल्या तेलाचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाचा आकसून राहण्याचा ताण, कमी होतो. कडेच्या गार तेलाचा जास्त असतो, म्हणून ते मधलं तेल आपल्याकडे ओढून घेतं. स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते, म्हणून ज्योतीवरचा भाग तेवढा तापतो आणि ही ओढ वाढते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता जवळपास १५ पट चांगली वाहतं. दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम दाबलेला ट्रायप्लाय पॅन महाग असला तरी इथे पैसे वसूल होतात.

बाहेर दीडशेच्या वर आणि आत पंचावन्नच्या आसपास, अशी ही कसरत असते. मधोमध ५५ अंशांना मांस गुलाबी आणि मऊ राहतं. ७० च्या पुढे तंतू आवळून पाणी पिळून काढतात. ताटात उतरणारं लाल पाणी रक्त नव्हे. ते स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या लाल प्रथिनाने रंगलेलं पाणी. अमेरिकी कृषी खातं सुरक्षिततेसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा सांगतं. हे सबंध तुकड्यापुरतं. खिम्यात वरचे जंतू आत मिसळलेले असतात, त्याला हा हिशेब लागू नाही.

स्टीक काढल्यावर पॅनच्या बुडाला तपकिरी खरवड राहते. दुधाच्या भांड्याची खरवड आपण चमच्याने काढून खातो, तशीच हीही टाकायची नाही. आच कमी करून त्यात अर्धी वाटी पाणी ओतायचं. इतका वेळ ज्याला पॅनजवळ फिरकू दिलं नाही, तेच पाणी बुडाशी घट्ट बसलेला थर दोन मिनिटांत विरघळवतं. कालथ्याने खरवडायचं, लोण्याचा तुकडा टाकायचा आणि एव्हाना विसावलेल्या स्टीकवर ते ओतायचं.