बालपणातील घातक ताण

गरिबी, उपासमार, युद्ध, घरातली मारहाण, स्थलांतर किंवा आईबापांपासून दीर्घ ताटातूट यांमुळे मुलाच्या शरीरातली ताणाची यंत्रणा दीर्घकाळ चालू राहते आणि त्याला सावरणारे मोठे माणूस जवळ नसते, तेव्हा त्या स्थितीला घातक ताण म्हणतात. व्याख्येचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. लशीची सुई किंवा शाळेचा पहिला दिवस असा थोडा वेळचा ताण मुलाला घडवतो. आजी गेल्याचे दुःखही कुशीत घेणारे कोणी असेल तर पचते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागात घातक ताण बहुधा ऊसतोड, बिडी, महापूर आणि फौजेतली नोकरी या वाटांनी घरात शिरतो.

शरीरातील बदल

धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस, पीयूषिका आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते. निरोगी मुलात ते सकाळी भरपूर असते आणि रात्रीपर्यंत उतरते. ताण हटलाच नाही तर हा चढउतार बिघडतो. काहींत पातळी चढीच राहते, तर दीर्घ उपेक्षा सोसलेल्या काही मुलांत ती सकाळीच खालावलेली आढळते. आठवण जपणारा हिप्पोकॅम्पस, भीती ओळखणारा अमिग्डाला आणि लक्ष व संयम सांभाळणारा कपाळामागचा मेंदू या तिन्हींना त्याची झळ लागते. असे मूल दार आपटले तरी दचकते, एका जागी बसत नाही, काल शिकवलेले आज विसरते. शाळेत त्यालाच ‘मठ्ठ’ किंवा ‘वांड’ म्हटले जाते, आणि हा शिक्का मूळ ताणात भरच घालतो.

फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणीच्या आघातांचे प्रकार जितके जास्त, तितके पुढे हृदयविकार, नैराश्य आणि व्यसने जास्त, असे त्यात दिसले. मात्र हा हिशेब समूहाच्या धोक्याचा आहे. एखाद्या मुलाचे आघात मोजून त्याचे भविष्य सांगता येत नाही.

ऊस, बिडी आणि भूक

गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनाही खाडा परवडत नाही. पहाटे अंधारात आई फडावर जाते, आणि तान्हे बांधावरच्या झोळीत किंवा खोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती राहते. अंगावर पाजणे लांबते, लस चुकते. वजनाची नोंद गावच्या अंगणवाडीत राहते आणि मूल दोन्हीकडच्या यादीतून सुटते. म्हणून माता-बाल आरोग्य कार्ड टोळीबरोबर न्यावे आणि उतरल्या ठिकाणच्या अंगणवाडीत पहिल्या आठवड्यातच नाव घालावे. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, या कारणाने शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ५ वे कलम तसे स्पष्ट सांगते.

निपाणी परिसरात बिडी घरीच वळली जाते. तंबाखूची धूळ आणि पान कातरण्याची कात्री रांगत्या मुलाच्या हाताशी असते. १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना मनाई केलेल्या प्रक्रियांत बिडी वळणे आहे. तरी नगावर मजुरी असली की दोरा बांधायला मुलेच बसतात.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १००० दिवस सर्वांत नाजूक असतात. या काळात खुंटलेली उंची सहसा पुरती भरून येत नाही. ‘आमच्या घराण्यात उंचीच नाही’ म्हणून ती सोडून देणे ही सर्वांत महागडी चूक. दोन वर्षांखालचे मूल झोपवून मोजावे, त्यावरचे उभे करून. तान्ह्याला उभे करून मोजले तर मापात साधारण ०.७ सेंमीची तूट येते. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडघेर ११.५ सेंमीहून कमी असेल तर तीव्र कुपोषण समजावे आणि मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. फक्त दंडघेरावर विसंबू नये, कारण खुंटलेल्या मुलाचा दंड ठीक असू शकतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमखाली गेले तर तो रक्तक्षय. त्याने लक्ष आणि शिकणे दोन्ही मंदावतात.

भुकेवर फक्त अन्न पुरत नाही. जमैकात १९८० च्या दशकात खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास झाला. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला आणि बोलायला शिकवत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. खेळणी घरगुतीच होती. आपल्याकडे करवंट्या, कापडी चेंडू, रिकामे डबे चालतील. चिंचोके आणि शेंगदाणे मात्र पाच वर्षांखालच्या हातात देऊ नयेत, घशात अडकतात.

युद्ध, पूर आणि ताटातूट

दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील पाळणाघरांत ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांना दिसले, की आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेल्या लहान मुलांपेक्षा सुरक्षित जागी, पण आईविना पाठवलेली मुले जास्त कोलमडली. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने इथल्या अनेक घरांत बाप महिनोन्महिने सीमेवर असतो. ठरलेल्या वेळी फोन, आणि बाबा कुठे व का गेले याचे वयाला झेपेल इतके खरे उत्तर, याने मुलाला आधार मिळतो. ‘उद्या येतील’ ही थाप विश्वास मोडते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आणि दूधगंगेकाठची गावे निवारा केंद्रांत हलवावी लागली. अशा वेळी कुटुंब एकत्र ठेवावे, झोपेची आणि जेवणाची वेळ ठरवावी, मुलांना खेळायला जागा राखावी. ‘काय पाहिलंस, सांग’ असे खोदून विचारू नये, तो प्रसंग बळजबरीने वदवून घेण्याने इजा वाढू शकते. मूल आपणहून बोलले तर ऐकावे. पुन्हा अंथरूण ओले करणे, आईला चिकटणे, खेळात तोच पूर मांडणे हे काही आठवडे स्वाभाविक असते. त्यासाठी मारू नये.

महिन्याहून अधिक काळ झोप उडाली, बोलणे थांबले किंवा वय वाढूनही नवे काही जमेना, तर तपासणी करावी, आणि ती घरच्या भाषेतच. मराठी घरातल्या मुलाला कन्नडमधून प्रश्न विचारले, किंवा कन्नड घरातल्याला मराठीतून, तर त्याचे भाषेचे अडखळणे विकासाचा खोळंबा म्हणून नोंदले जाते. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८, मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्ही क्रमांक मोफत आहेत.