दूरस्थ डीबगरमधील फाइल-हस्तांतर आज्ञा

डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचे साधन) ज्या जोडणीवरून दुसऱ्या यंत्रावरचा प्रोग्राम थांबवतो आणि तपासतो, त्याच जोडणीवरून फाइली पाठवण्याची, आणण्याची व पुसण्याची सोय. जीडीबी या मुक्त डीबगरमध्ये ती मार्च २००८ च्या ६.८ आवृत्तीत आली. आज्ञा तीन : रिमोट पुट, रिमोट गेट आणि रिमोट डिलीट.

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये टेबलावर बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यातला कंट्रोलर बोर्ड आहे असे समजा. त्यावर जेमतेम लिनक्स. फाइली पाठवायला लागणारे एसएसएच नाही, एफटीपीही नाही. आहे ती एक सिरियल केबल आणि जीडीबीसर्व्हर, म्हणजे बोर्डवर चालणारा जीडीबीचा मदतनीस प्रोग्राम. या आज्ञा नसतील तर कोडमध्ये एक ओळ बदलली तरी मेमरी कार्ड काढा, बायनरी (कोडपासून तयार झालेली, चालवता येणारी फाइल) कॉपी करा, कार्ड बसवा, बोर्ड पुन्हा चालू करा. वेळ जातो तो जातोच, पण खरा घात वेगळाच होतो. एखाद वेळी कॉपी करायची राहते आणि बोर्डवर कालची बायनरी, लॅपटॉपवर आजची, अशी स्थिती होते. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवण्यासाठी ठरवलेली जागा, भलत्याच ठिकाणी लागतो, व्हेरिएबलच्या किमती निरर्थक दिसतात आणि माणूस दिवसभर नसलेला बग शोधत बसतो. डीबगरमधूनच फाइल पाठवता येण्याचा मोठा फायदा हाच, की दोन्ही बाजूंची बायनरी एक ठेवणे सोपे होते.

पाठवताना जीडीबी बोर्डवरची फाइल उघडायला सांगतो, तुकड्यातुकड्याने लिहवतो आणि बंद करवतो. प्रत्यक्ष काम जीडीबीसर्व्हर करतो. जोडणीवरून जाणारा प्रत्येक संदेश, म्हणजे पॅकेट, डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. शेवटी हॅशचे चिन्ह (#) आणि मजकूर नीट पोहोचला का हे पडताळणारा दोन अंकी चेकसम. पण बायनरीत तीच चिन्हे डेटा म्हणूनही येतात. म्हणून डॉलरचा बाइट, म्हणजे ३६, थेट जात नाही. आधी १२५ आणि मग ४ जातो. दुसरा आकडा मूळ बाइटचा ३२ शी एक्सॉर (बिट उलटवण्याची क्रिया) करून मिळतो. १२५ स्वतः आला तर १२५ आणि ९३. फाइलचे नाव मात्र पूर्णपणे सोळाधारी अंकांत जाते, त्यामुळे नावातला स्वल्पविराम पॅकेटमधले भाग वेगळे करणाऱ्या स्वल्पविरामाशी गोंधळ घालत नाही.

पुटने तयार झालेल्या फाइलला मालकापुरती चालवण्याची परवानगीही मिळते, त्यामुळे ती लगेच सुरू करता येते. जुना प्रोग्राम त्याच फाइलमधून चालू असेल तर लिनक्स लिहू देत नाही. जीडीबी आणि जीडीबीसर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांतल्या (प्रोटोकॉलमधल्या) त्रुटींच्या ठरलेल्या यादीत हे कारण नाही, म्हणून हाती येतो नुसता ९९९९, म्हणजे अज्ञात त्रुटी. नवख्याला इथे केबलचा संशय येतो. आधी चालू प्रोग्राम पूर्ण बंद करून पाहावा.

वेग केबलचाच. १,१५,२०० बॉडवर सेकंदाला सुमारे साडेअकरा हजार बाइट जातात, म्हणजे एक मेगाबाइटला कमीत कमी दीड मिनिट. त्यामुळे डीबग माहिती (कोडच्या ओळी आणि व्हेरिएबल यांची बायनरीतली नोंद) लॅपटॉपवरच्या प्रतीत ठेवून बोर्डवर ती काढून टाकलेली बायनरी पाठवणे शहाणपणाचे. मात्र दोन्ही एकाच बिल्डमधून, म्हणजे कोडपासून एकाच वेळी केलेल्या बांधणीतून, निघालेल्या असाव्यात.

हीच सोय पुढे लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम वापरतो त्या सामायिक कोडच्या फाइली, वाचण्यासाठीही वापरात आली. २०१५ च्या ७.१० आवृत्तीपासून जीडीबी, वेगळे सांगितले नसेल तर, त्या थेट बोर्डवरून घेतो. जीडीबीसर्व्हरला स्वतःचा पासवर्ड नसतो. तो नेटवर्कवर उघडा ठेवला तर त्याच्या पोर्टपर्यंत (जोडणी स्वीकारण्याच्या क्रमांकापर्यंत) पोहोचणारा कोणीही, ज्या वापरकर्त्याच्या अधिकाराने तो चालतो त्याच्या फाइली पुसू शकतो.