काळोखी परीकथा म्हणजे भयपट नव्हे

‘तुंबाड’ हा चित्रपट दिसायला सुंदर आहे, पण म्हणावी तशी भीती वाटत नाही, ही तक्रार तो २०१८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा ऐकू आली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला, तेव्हाही ठाण्यातल्या मॉलच्या जिन्यांवर आणि ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात तीच तक्रार शब्दाशब्दाने ऐकावी लागली. भीती वाटत नाही हे खरे असेलही. परंतु ती वाटायलाच हवी होती, हे कोणी ठरवले? ओटीटीवर तो ‘हॉरर’च्या रांगेत लावलेला असतो, हॅलोविनच्या सुमारास निघणाऱ्या भयपटांच्या याद्यांमध्ये ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ हा स्पॅनिश चित्रपट हटकून सापडतो, आणि मग प्रेक्षक दचकण्याची वाट पाहत बसतो व न दचकल्याबद्दल दिग्दर्शकाला जबाबदार धरतो. काळोखी परीकथा आणि भयपट या दोन गोष्टी शेजारी राहतात, एकमेकींची भांडीकुंडी उसनी नेतात, पण त्यांचे घर एक नाही.

भयपटाविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण तो आपल्या सर्वांच्या चांगल्या ओळखीचा आहे. ‘लपाछपी’ या मराठी भयपटातले गरोदर बाईचे जोडपे कर्जाच्या तगाद्यापासून पळून उसाच्या शेतातल्या घरात येऊन राहते, त्या बाईने त्या घराकडे काहीही मागितलेले नसते, आणि एकदा प्रकार लक्षात आल्यावर तिला एवढेच हवे असते की तिथून जिवंत बाहेर पडावे. भयपटाचा सांगाडा बहुतेक वेळा हाच असतो: संकट आपल्याकडे चालून येते, त्याचे नियम आपल्याला उशिरा कळतात, आणि सुटका हेच एकमेव उद्दिष्ट उरते.

आता जे फरक लोक मोठ्या हिरिरीने सांगतात, ते आधी बाजूला ठेवतो. रक्त किती सांडते, भुते आहेत की राक्षस, शेवट गोड की कडू, नायक लहान मूल आहे की प्रौढ, यांवरून काहीही ठरत नाही. परीकथा मुळात गोड होती आणि अलीकडच्या दिग्दर्शकांनी तिच्यात काळोख ओतला, हा समज तर सरळ चुकीचा आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी बाई तिची सख्खी आई आहे. तिची सावत्र आई झाली ती १८१९ च्या आवृत्तीत. शेवटी त्या राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते. हा काळोख कोणी नंतर मिसळलेला नाही.

खरा फरक अटीत आहे, आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे.

विक्रम-वेताळाच्या कथेत स्मशान आहे, झाडाला लटकणारे प्रेत आहे, त्या प्रेतात शिरलेला वेताळ आहे आणि मध्यरात्र आहे. भयपटाला लागणारे सगळे सामान तिथे हजर असूनही त्या कथेला आजवर कोणी भयकथा म्हटलेले नाही. याचे कारण असे की राजा तिथे स्वतःच्या पायांनी, दिलेल्या शब्दाखातर गेलेला आहे, आणि तोंड उघडले तर प्रेत परत झाडावर जाणार हे त्याला ठाऊक आहे. तिथल्या धोक्याला नियम आहे आणि तो नियम राजाच्या वागण्याला बांधलेला आहे. प्रत्येक वेळी वेताळ प्रश्न विचारतो, उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार, आणि उत्तर दिले तर काम फसणार. राजाचा प्रत्येक पराभव त्याच्या न्यायबुद्धीमुळे होतो. प्रेक्षकाला इथे जी हुरहुर लागते ती ‘आता काय झडप घालेल’ याची नसते. ‘हा आता काय करील’ याची असते.

श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये. उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही, असे वदवून घेतल्याशिवाय त्या कहाणीत कोणाला काही मिळत नाही, आणि वसा टाकला की मिळालेले जाते. ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ची जातकुळी याच कहाण्यांची आहे. ओफेलिया या मुलीला पौर्णिमेच्या आत तीन कामे पार पाडायची आहेत. दुसऱ्या कामाच्या वेळी तिला बजावलेले असते की मेजवानीच्या टेबलावरच्या कशालाही तोंड लावायचे नाही. टेबलाच्या टोकाशी तो फिकट, लोंबत्या कातडीचा नरभक्षक स्वतःचे डोळे समोरच्या बशीत ठेवून बसलेला आहे आणि तो हालत नाही. ती दोन द्राक्षे खाते आणि मग तो हालतो. भयपटात तो राक्षस ती दारातून आत येताच उठला असता, आणि आपण दचकलो असतो. इथे दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो आपल्याला दचकवण्याची आयती संधी सोडून देतो, कारण त्याला मुलीचा हात त्या द्राक्षांकडे जाताना दाखवायचा आहे.

‘तुंबाड’मध्येही तेच आहे. विनायकाने पुन्हा तुंबाडला पाऊल न ठेवण्याचे वचन आईला दिलेले असते. तो ते मोडतो, वाड्यातल्या म्हातारीकडून सगळे नियम ऐकून घेतो, आणि मगच वाड्याखालच्या देवीच्या गर्भात, जिथे हस्तर कोंडलेला आहे, दोर सोडून उतरतो: पिठाचे रिंगण आखायचे, कणकेची बाहुली पुढे करायची, हस्तर तिच्यावर तुटून पडला की तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा ओढून घ्यायच्या. सोने हाती आहे पण अन्न नाही, असा तो उपाशी देव आहे, म्हणून पीठच आमिष आणि पीठच कुंपण. हस्तर तुंबाडबाहेर येऊन कोणाच्या पुण्यातल्या घराचे दार वाजवत नाही. प्रत्येक खेपेला विनायकच त्याच्याकडे जातो. त्यामुळे शेवटी मुलाच्या सांगण्यावरून एकाऐवजी अनेक बाहुल्या खाली नेल्या जातात आणि तितकेच हस्तर प्रकटतात, तेव्हा ते मला संकट वाटत नाही. तो हिशेब वाटतो.

क्वेस्ट, म्हणजे काहीतरी मिळवण्यासाठी घेतलेली मोहीम, या प्रकारात अनिवार्य का असते, तेही यातून उलगडते. अट घालायची तर आधी कोणीतरी काहीतरी मागितलेले असावे लागते. मात्र मोहीम म्हणजे लांबचा प्रवास आणि शेवटी लढाई, अशी समजूत काही चित्रपटांनी करून दिली आहे आणि ती मला विशेष खुपते. २०१२ च्या ‘स्नो व्हाइट अँड द हंट्समन’मध्ये हिमगौरी चिलखत चढवून सैन्यासह किल्ल्यावर चाल करून जाते; चित्रपटाचे रंग काळेकरडे आहेत, कावळे आहेत, चिखल आहे, पण परीकथा उरत नाही, कारण कशालाच अट नाही आणि जो अधिक जोराने तलवार चालवील तो जिंकतो. त्याच्या पुढच्या वर्षीच्या ‘हॅन्सेल अँड ग्रेटेल: विच हंटर्स’मध्ये तर लहानपणी चेटकिणीने मिठाई चारल्यामुळे मोठ्या झालेल्या हॅन्सेलला ठरावीक वेळी इंजेक्शन टोचून घ्यावे लागते. कल्पना झकास आहे, अटीच्या अगदी जवळ जाणारी आहे, आणि लेखकांनी ती हाणामारीत घड्याळ लावण्यापलीकडे कशासाठीही वापरली नाही.

अट पाळणे म्हणजेच जिंकणे, असे मात्र समजू नये. खुलभर दुधाच्या कहाणीत राजाची आज्ञा असते की महादेवाचा गाभारा भरण्यासाठी घरातले सगळे दूध देवळात आणावे. सगळे गाव ती आज्ञा पाळते, वासरे-मुले उपाशी राहतात आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी घरच्यांना आणि वासरांना देते, उरलेले खुलभर दूध घेऊन जाते, आणि तो भरतो. ओफेलियाचे तिसरे काम नेमके याच घडणीचे आहे. तिच्या तान्ह्या भावाच्या रक्ताचे थेंब मागितले जातात, ती नकार देते, त्यापायी सगळे गमावते, आणि ते न देणे हेच काम होते. आज्ञेत बसणारा आणि तरीही आज्ञेपलीकडे पाहणारा हा प्रसंग भयपटाला परवडत नाही, कारण तिथला धोका कोणाच्या वागण्याचे मोल करत नाही.

इथेच प्रकारांच्या सरमिसळीचा प्रश्न येतो. युद्धपटात परी आणून सोडली की मिश्रण झाले, असे मानणारे बरेच आहेत. ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ १९४४ च्या स्पेनमध्ये घडतो. यादवी युद्ध संपून पाच वर्षे झालेली आहेत, डोंगरात बंडखोर आहेत, आणि कॅप्टन विदाल गिरणीच्या कोठारातून लोकांचे रेशन आवळतो आहे. रेशनकपातीची चर्चा तो जेवणाच्या भरल्या टेबलाच्या टोकाशी बसून करतो, आणि नरभक्षकही भरल्या टेबलाच्या टोकाशीच बसलेला आहे. विदालला हवी असते ती निमूट आज्ञाधारकता, आणि मुलीची शेवटची परीक्षाही आज्ञाधारकतेचीच असते. दोन्ही प्रकार एकाच प्रश्नावर टेकलेले असल्यामुळे एक काढला तर दुसरा उभा राहत नाही. असे टेकू नसतील तर मिश्रण म्हणजे नुसता एकाआड एक दृश्यांचा रतीब होतो.

त्याच दिग्दर्शकाचा २००१ चा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ शेजारी ठेवून पाहावा, म्हणजे सीमारेषा स्पष्ट होते. तेच यादवी युद्ध, पुन्हा एक मूल, पुन्हा एक अमानवी आकृती. पण तिथल्या अनाथालयात वावरणारे मुलाचे भूत घडून गेलेल्या खुनाची वसुली मागते. भूतकथेत देणे मागचे असते आणि ते बहुधा दुसऱ्याच कोणीतरी केलेले असते. परीकथेत करार पुढचा असतो आणि त्यावर अंगठा आपला असतो. ओफेलियाला कामे सांगणारा फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड असा वनदेव, खरा होता की तिच्या मनातला, हा वाद मी यात जाणूनबुजून आणत नाही. तो रंगतो खूप, पण करार तिने पाळला की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मात्तेओ गार्रोनेचा २०१५ चा ‘टेल ऑफ टेल्स’ या कसोटीला सहज उतरतो. मूल हवे असलेल्या राणीला आधीच सांगितले जाते की नव्या जिवाच्या बदल्यात जीव जाईल. राजा समुद्रातल्या राक्षसाला मारताना मरतो आणि राणी त्या राक्षसाचे काळीज खाते. नील जॉर्डनचा १९८४ चा ‘द कंपनी ऑफ वुल्व्ज’ मात्र तसा सरळ नाही. त्यात आजीने नातीला वाट न सोडण्याबद्दल दिलेल्या सूचना आहेत, त्या नातीने मान्य केलेल्या अटी नव्हेत, आणि लांडगे तर भयपटातून थेट उचललेले आहेत. तरीही मुलगी स्वतःच्या मर्जीने वाट सोडते आणि लांडग्याशी बोलायला थांबते, म्हणून मी त्याला परीकथेच्या बाजूला ठेवतो. कोणी तो भयपटात घातला तर त्याच्याशी मी भांडणार नाही, ‘तुंबाड’साठी मात्र भांडेन.