करसवलतीचे दप्तर (बेळगाव सीमाभाग)

आयकरात वजावट किंवा सूट घेतल्यावर तिचा पुरावा म्हणून जपायचे कागद. विवरणपत्रासोबत ते जोडावे लागत नाहीत, विचारणा झाली की दाखवावे लागतात.

दप्तर आठ वर्षे ठेवावे, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्याचे मूळ वादग्रस्त आहे. काही जण तो कंपनी कायद्यातून आल्याचे मानतात, कारण तेथे हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे ठेवाव्या लागतात. दुसरे मत 1962 च्या आयकर नियमावलीतील नियम 6-एफकडे बोट दाखवते. वकील, डॉक्टर आदी ठरावीक व्यावसायिकांना त्यानुसार करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून सहा वर्षे वह्या ठेवाव्या लागत. 2023-24 या आर्थिक वर्षाचे दप्तर या हिशेबाने 31 मार्च 2031 पर्यंत ठेवायचे. त्या आर्थिक वर्षाच्या आरंभापासून मोजल्यास बरोबर आठ वर्षे भरतात. हे मत अधिक पटण्याजोगे आहे. पगारदाराच्या विमा किंवा घरभाडे पावत्यांसाठी 1961 च्या आयकर कायद्यात वेगळी मुदत नाही. तेथे फेरतपासणीच्या नोटिशीची मुदत पाहावी. 1 सप्टेंबर 2024 पासून ती करनिर्धारण वर्षाअखेरपासून तीन वर्षे तीन महिने, आणि दडलेले उत्पन्न 50 लाख किंवा अधिक असल्यास पाच वर्षे तीन महिने झाली. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू आहे. आधीच्या वर्षांना जुनाच. जीएसटीची मुदत वेगळी: वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने.

जमिनीच्या कागदांना मात्र मुदत लावू नये. वारसाने आलेली जमीन विकताना नफा मोजण्यासाठी मूळ मालकाची खरेदी-किंमत धरतात. 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या खरेदीला 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव घेता येतो. येथे सीमाभागाची अडचण उभी राहते. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. त्यामुळे आजोबांचे खरेदीखत मराठीत, त्याआधीचे कधी मोडीत आणि आजचा उतारा कन्नडमध्ये, असे एकाच शेताचे कागद तीन तऱ्हांचे निघतात. नावे जुळवताना हे तिन्ही लागतात, म्हणून मोडी वाचता येत नाही एवढ्यासाठी कागद रद्दीत घालू नये.

शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेणाऱ्यास 1961 च्या कायद्यातील कलम 54-बीची सवलत मागायची, तर विक्रीपूर्वीची दोन वर्षे ती लागवडीखाली होती हे दाखवावे लागते. त्यासाठी पिकाची नोंद असलेला उतारा उपयोगी पडतो. नवी जमीन तीन वर्षांत विकल्यास सवलतीचा लाभ परत जातो.