मृगजळातून पक्षी टिपताना

हिवाळा लागला की हतनूरच्या जलाशयावर चक्रवाक आणि पट्टकदंब उतरतात, आणि जळगाव-भुसावळच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : किती एक्स झूम आहे? हा प्रश्नच चुकीचा आहे. एक्स म्हणजे लेन्सच्या सर्वांत मोठ्या नाभीय अंतराला सर्वांत लहान नाभीय अंतरानं भागून आलेला आकडा, त्यापलीकडे काही नाही. १८-५५ मिलिमीटरची लेन्स तीन एक्स होते, ५५-२५० साडेचार एक्स. ४०० मिलिमीटरची बिनझूमची लेन्स फक्त एक एक्स भरते, पण दूरचा पक्षी या तिघींत सर्वांत मोठा तीच दाखवते.

पक्षी केवढा दिसेल हे काढायला दहावीचं समरूप त्रिकोणांचं प्रकरण पुरतं. पक्ष्याची लांबी गुणिले नाभीय अंतर, भागिले पक्ष्यापर्यंतचं अंतर. उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. रानपिंगळा वीतभर, म्हणजे २३ सेंटिमीटरचा. १८८४ नंतर ११३ वर्षं त्याची खात्रीलायक नोंद नव्हती, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. हा पक्षी ३० मीटरवर बसला आहे आणि लेन्स ३०० मिलिमीटरची आहे, तर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पाटीवर, त्याची प्रतिमा २.३ मिलिमीटरची पडेल. हौशी कॅमेऱ्यांत सर्रास असणाऱ्या २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे पक्षी सुमारे ५९० पिक्सेलचा झाला. मोबाइलवर बघायला एवढं उत्तम, भिंतीवर लावायला अपुरं. ६०० मिलिमीटरची लेन्स घेतलीत तर ११८० पिक्सेल मिळतील. तीच ३०० घेऊन १५ मीटरपर्यंत गेलात तरी ११८०च मिळतील, आणि तेही फुकट.

पुढे सरकताना पक्ष्याकडे लक्ष हवं. पिंगळ्यानं अंग ताठ केलं, मान वर-खाली हलवत तुमच्याकडे रोखून बघायला लागला की तिथेच थांबायचं. फोटो टाकताना त्यातली जागेची माहिती काढून टाकायची. पिंगळा ओरडला म्हणजे घरात काहीतरी वाईट होणार, घुबडाच्या नखानं धन सापडतं, असल्या समजुतींपायी दिवाळीच्या सुमाराला आजही घुबडं पकडली जातात. झाडापर्यंतचा नकाशा त्या माणसांच्या हाती आपण द्यायचा नाही.

दुसरा महत्त्वाचा आकडा लेन्सच्या तोंडाचा. नाभीय अंतराला लेन्सवर लिहिलेल्या एफ-आकड्यानं भागलं की उघड्या तोंडाचा व्यास मिळतो. ३०० मिलिमीटर एफ ६.३ म्हणजे ४८ मिलिमीटर, ६०० मिलिमीटर एफ ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर. प्रकाश ही लहर असल्यामुळे तोंड जितकं अरुंद तितका तो जास्त पसरतो, आणि कितीही महाग काच बसवली तरी एका मर्यादेखालचा तपशील सुटा दिसत नाही. ४८ मिलिमीटरच्या तोंडाला ही मर्यादा १४ मायक्रोरेडियन पडते. एक मायक्रोरेडियन म्हणजे एक किलोमीटरवर एक मिलिमीटर. म्हणजे पहिल्या पायरीची ३०० मिलिमीटरची लेन्स ५० मीटरवरचा ०.७ मिलिमीटरचा तपशील तत्त्वतः सुटा दाखवू शकते. पिसाच्या कडेवरच्या बारीक रेषा दिसायला एवढं पुरतं.

१२५ एक्सचा आकडा मिरवणारा निकॉन पी-१००० याच मापानं मोजून पाहा. जाहिरातीतले ३००० मिलिमीटर हे पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या तुलनेतले आहेत. खरं नाभीय अंतर ५३९ मिलिमीटर, एफ ८, म्हणजे तोंड ६७ मिलिमीटरचं. सेन्सर नखाएवढा असल्यामुळे प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका आडवा आठ पिक्सेल व्यापतो. चंद्रासाठी आणि निवांत बसलेल्या बगळ्यासाठी कॅमेरा चांगला आहे, उडत्या पक्ष्याला त्याचा फोकस पुरत नाही. मोबाइलचे १०० एक्स तर बहुतांशी कापून मोठं केलेलं चित्र असतं आणि वरची पिसं सॉफ्टवेअरनं रंगवलेली असतात.

आता ज्या गोष्टीकडे खरेदी करणारे क्वचितच बघतात ती गोष्ट. लेन्स आणि पक्षी यांच्यामध्ये हवा असते, आणि खानदेशात ती हवाच बहुतेक फोटो बिघडवते.

एप्रिलच्या दुपारी महामार्गावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं. ते मृगजळ आपण शाळेत शिकलो : तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, तिचा अपवर्तनांक घटतो आणि प्रकाशकिरण वाकतो. हवेचा अपवर्तनांक १५ अंशांना १.०००२८ आणि ४५ अंशांना १.०००२५ असतो. पाचव्या दशांश स्थळावरचा हा फरक कशाला मोजायचा असं वाटेल, पण लेन्सची नजर मायक्रोरेडियनची आहे. उन्हाळी तापमानाला दर अंशामागे अपवर्तनांक सुमारे ०.८ दशलक्षांशानं बदलतो. वर जाताना हवा दर मीटरला फक्त एक अंशानं थंड होत असेल आणि पक्षी १०० मीटरवर असेल, तर किरण वाटेत एकूण ८० मायक्रोरेडियन वळतो. हे वळण वाटभर वाटलेलं असल्यामुळे कॅमेऱ्याला पक्षी त्याच्या निम्म्यानं, ४० मायक्रोरेडियन सरकलेला दिसतो. लेन्सची मर्यादा १४ होती. म्हणजे सर्वांत स्वस्त लेन्सपेक्षाही हवा जवळपास तिप्पट ढोबळ आहे. आणि एक अंश ही फार सौम्य स्थिती झाली. नांगरलेल्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग मेमध्ये ६० अंशांच्या वर जातो आणि तिच्या लगतच्या वीतभर थरात तापमान कितीतरी झपाट्यानं घसरतं.

हा फरक स्थिर राहिला असता तर बिघडलं नसतं, सगळं चित्र थोडं सरकून बसलं असतं. पण गरम हवा बुडबुड्यासारखी सुटते, थंड हवा तिच्या जागी उतरते, आणि काही मिलिमीटरांपासून पुरुषभर उंचीपर्यंतचे भोवरे वाटेत फिरत राहतात. प्रत्येक भोवरा म्हणजे एक मंद, वेडंवाकडं भिंग. भोवरा लेन्सच्या तोंडापेक्षा मोठा असेल तर पूर्ण प्रतिमा हलते, आणि १/१००० सेकंदाचा शटर ती हालचाल गोठवू शकतो. भोवरे तोंडापेक्षा लहान असतील तर तोंडाच्या एका भागातून आलेली प्रतिमा एकीकडे आणि दुसऱ्या भागातून आलेली दुसरीकडे पडते. त्या एकमेकींवर बसतात आणि चित्र लोण्यासारखं गुळगुळीत होतं. त्यावर शटरचा इलाज चालत नाही. म्हणजे तोंड जितकं मोठं तितके जास्त भोवरे त्यात एका वेळी मावतात. पहाटे ९५ मिलिमीटरचं तोंड ४८ पेक्षा दुप्पट बारीक बघतं, आणि दुपारी अकराला तेच जास्त मार खातं. शिवाय नाभीय अंतर दुप्पट केलं की पक्षी दुप्पट होतो आणि धूसरपणाही दुप्पट होतो, तपशील एक कणही वाढत नाही. ६०० घेऊनही फोटो मऊ येतात म्हणून लेन्स परत पाठवणाऱ्यांपैकी पुष्कळांची लेन्स निर्दोष असते.

अंतर दुप्पट झालं की पक्षी निम्मा दिसतो आणि वाटेतली खराब हवाही दुप्पट होते, असा तोटा दोन्ही बाजूंनी आहे. म्हणून १५ मीटरवरचा वेडा राघू भर दुपारीही बरा येतो आणि १५० मीटरवरचा शेकाट्या येत नाही. पाणथळीच्या पक्ष्यांसाठी कॅमेरा जमिनीलगत ठेवून झोपायचं ही युक्ती सुंदर पार्श्वभूमी देते. पण तेव्हा किरणाची सगळी वाट सर्वांत वाईट थरातून जाते, म्हणून ती सकाळीच वापरावी. जमीन आणि हवा यांचं तापमान जुळतं ते सूर्योदयानंतर थोड्या वेळानं आणि सूर्यास्ताच्या जरा आधी, तेव्हा हवा सर्वांत शांत असते. मात्र जानेवारीच्या पहाटे हतनूरचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पाण्यावरून वाफ निघताना दिसली की समजावं, पाण्यालगतची हवा थरथरते आहे. वाफ विरेपर्यंत काठावरच्या झाडांतले जवळचे पक्षी टिपावेत. ओलीत केलेल्या केळीच्या बागेवरून बघितलं तर हवा कमी उकळते. उघड्या काळ्या रानावरून, डांबरावरून किंवा रुळांच्या खडीवरून बघितलं तर जास्त.

हवा तपासायला अर्धं मिनिट लागतं. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावरचं थेट चित्र, चालू करून दहापट मोठं करा आणि दूरच्या विजेच्या तारेवर नेम धरा. तारेची कड अळीसारखी वळवळत असेल तर ३० मीटरच्या पुढचं काही टिपू नका. टिपायचंच असेल तर २०-३० फोटोंची सलग फैर झाडा. एखाद्या क्षणी भोवऱ्यांमधून फट मिळते आणि एक फोटो स्वच्छ येतो. ग्रहांचे फोटो काढणारे खगोलप्रेमी हेच करतात. गाडीतून टिपत असाल तर इंजिन आणि एसी बंद हवेत, कारण खिडकीशी थंड आणि गरम हवा मिसळते आणि ते भोवरे थेट लेन्सच्या तोंडावर फिरतात. एसीतून बाहेर काढलेली लेन्स बाहेरच्या तापमानाला यायला वीस मिनिटं घेते, आणि उन्हात तापलेल्या काळ्या हूडमध्येही गरम हवा साठते. लेन्सवर पांढरं सुती फडकं टाकून ठेवावं.

हे ध्यानात घेतलं की खरेदी सोपी होते. सुरुवात कॅननच्या ५५-२५० एसटीएमनं किंवा निकॉनच्या एएफ-पी ७०-३०० व्हीआरनं करावी. दोन्ही अर्ध्या किलोच्या आत बसतात आणि वापरलेल्या स्थितीत सहज मिळतात. कॅननमध्ये नावात एसटीएम (फोकसच्या नव्या मोटरची खूण) आहे ना ते बघा, जुन्या दोन आवृत्त्यांचा फोकस संथ आहे. निकॉनमध्ये व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारा कंपनरोधक, नसलेलीही एक आवृत्ती विकली जाते, ती घेऊ नका. शिवाय एएफ-पी लेन्स डी-३१००, डी-५१००, डी-७००० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाही. डी-३००० आणि डी-५००० मालिकेच्या बॉडींत फोकसची मोटर नसते, म्हणून बिनमोटरच्या जुन्या स्वस्त ७०-३०० त्यांवर हातानंच फिरवाव्या लागतात. बॉडीचं नाव आणि लेन्सचं पूर्ण नाव समोरासमोर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पुढची पायरी ४०० मिलिमीटरची. कॅननची जुनी ४०० एफ ५.६ सव्वा किलोची आहे. तिच्यात कंपनरोधक नाही, पण उडत्या पक्ष्याला १/२००० चा शटर लागतोच, तेव्हा त्याची उणीव भासत नाही. फोकस चपळ आणि तोंड ७१ मिलिमीटर, म्हणून माझ्या मते उडणाऱ्या पक्ष्यांसाठी वापरलेल्या बाजारातला हा सर्वांत शहाणा सौदा आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा असेल तर कॅननचीच आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे, मात्र ४०० वर ती एफ ८ होते आणि झाडीतल्या सावलीत प्रकाश कमी पडतो. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० जवळपास दोन किलोच्या. पहाटे जाणाऱ्यानं, मोनोपॉड (एकपायी आधार) बाळगणाऱ्यानं त्या जरूर घ्याव्यात. दोन एक्सचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून नाभीय अंतर दुप्पट करणारा जोड, मात्र या कुठल्याच लेन्सला लावू नये. एफ ६.३ चा एफ १३ होतो आणि बहुतेक जुन्या डीएसएलआरचा (आरशाच्या कॅमेऱ्यांचा) फोकस आंधळा होतो. स्वस्त यूव्ही फिल्टरही काढून ठेवावा, लांब नाभीय अंतराला त्याच्या काचेतला सूक्ष्म उंचसखलपणा लगेच दिसतो.

याच लेन्सनं विमानं टिपायची असतील तर गणित वेगळं पडतं. जळगावला उतरणारं एटीआर-७२ हे पंख्याचं विमान सुमारे २७ मीटर लांब आहे. ५०० मीटरवरून बाजूनं जात असेल तर ३०० मिलिमीटरवर त्याची प्रतिमा १६ मिलिमीटरची, म्हणजे फ्रेमचा दोन-तृतीयांश भाग भरतो. नेहमीच्या तीन अंशांच्या उतरणीवर ते धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे १६० मीटर उंच असतं, आणि बरोबर खाली उभं राहिलात तर १०० मिलिमीटरच पुरतात. इथे ६०० चा उपयोग नाही. शटर फार जलद ठेवू नये. पंखा मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर १/२००० सेकंदात पातं जेमतेम तीन अंश फिरतं आणि विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. पाती सहा, त्यांत अंतर ६० अंशांचं, म्हणून १/१०० ला पूर्ण चकती उमटते. विमानाबरोबर कॅमेरा फिरवत १/१२५ ते १/२५० ला भरपूर फोटो घ्या. धावपट्टीवर धावणारं विमान दुपारी किलोमीटरभर तापलेल्या डांबरावरून टिपू नका. तेच विमान वर उचललं की किरण गरम थरातून लवकर बाहेर पडतो आणि चित्र सुधारतं. डोक्यावरून ११ किलोमीटर उंचीवर जाणारं ३७.५ मीटरचं ए-३२० हे प्रवासी जेट तीनशेवर २६० पिक्सेलचं येतं. क्षितिजापासून ३० अंशांवर ते २२ किलोमीटर दूर असतं आणि निम्मं होतं, म्हणून ते माथ्यावर येण्याची वाट बघावी. विमानतळाच्या आवारात परवानगीशिवाय आणि ओझरसारख्या लष्करी तळाजवळ कुठेही कॅमेरा बाहेर काढू नये.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून टाकून समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि ती लेन्स घेऊ नये. मग विटांच्या सपाट भिंतीसमोर, ट्रायपॉडवर, सर्वांत मोठ्या नाभीय अंतराला, तोंड पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या आणि चारही कोपरे पडद्यावर मोठे करा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. हे सगळं सकाळी सातला, भिंतीपासून पंधरा मीटरच्या आत उभं राहून करायचं. दुपारी दोनला केलं तर लेन्सऐवजी हवेचीच परीक्षा होईल.