हात बसतो तेव्हा डोक्यात काय घडतं?

'१०,००० तास घासलं की कुठल्याही कामात माणूस तरबेज होतो', हे वाक्य हल्ली क्लासच्या जाहिरातीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे भेटतं. त्याचं मूळ १९९३ च्या एका अभ्यासात आहे. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांच्या सरावाचा हिशेब मांडला. त्यातल्या उत्तम वादकांचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी तेवढा भरला, इतकंच. एरिक्सनचा भर तासांवर नव्हता, चूक नेमकी कळून ती दुरुस्त होण्यावर होता. वीस वर्षं गाडी चालवूनही पार्किंगला घाम फुटणारी माणसं आपण पाहतोच की.

चूक दुरुस्त होते म्हणजे काय होतं? मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. वजनाने एकूण मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज इथेच दाटीवाटीने बसल्या आहेत. त्यातल्या पुर्किंजे पेशी झाडासारख्या पसरलेल्या. प्रत्येकीला लाखाहून जास्त बारीक तंतू येऊन मिळतात: हात कुठे आहे, जोर किती लागतोय, पुढे काय करायचंय, ही सगळी खबर त्यांतून येते. शिवाय एकच जाड तंतू वेलासारखा तिला विळखा घालतो. एरवी तो सेकंदाला एखाद्या वेळी ठिणगी टाकतो. पण अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं की त्याच क्षणी पेटतो. मग किंचित आधी जे बारीक तंतू बोलत होते, त्यांची जोडणी कमजोर होते. मासाओ इतो या जपानी मेंदूशास्त्रज्ञाने हे १९८२ मध्ये प्रयोगाने दाखवलं. म्हणजे इथलं शिकणं बरंचसं छाटणीसारखं: चुकीच्या वेळी बोलणाऱ्याचा आवाज कमी करायचा. (जोडण्या बळकट होण्याचाही भाग आहे, पण तो इथे सोडून देऊ.) चूक आणि तिची ठिणगी यांतलं अंतर मात्र सेकंदाच्या अंशाएवढंच हवं. भाकरी थापताना कड चिरली की तळहाताला तिथल्या तिथे कळतं, म्हणून भाकरीला हात बसतो.

आता कोल्हापूरच्या गुऱ्हाळात या. चुलवाणावरच्या काहिलीत रस आटतो, साखरेचं प्रमाण वाढतं आणि उकळण्याचं तापमान चढत जातं. साधारण १०५ अंशांना काकवी, ११८ च्या आसपास गूळ. काहील लवकर उतरवली तर गूळ मऊ राहून पाझरतो; उशीर झाला तर काळपट, करपट. पण हे कळतं गूळ गार झाल्यावर, आणि तोवर पुढचं आदण, म्हणजे काहिलीतला रसाचा पुढचा घाणा, चढलेलं असतं. इथे लहान मेंदूची ठिणगी कामाची नाही. म्हणून तर जुना गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो: उद्याचं उत्तर तो आजच मिळवतो.

आदण बिघडलं की नजर लागली म्हणून चुलवाणावर लिंबू-मिरची टांगतात. त्याने खरं कारण झाकलं जातं. ऊस तोडून दोन दिवस पडला असेल तर त्यातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, मग गूळ धरत नाही; रसाची मळी काढायला घातलेला चुना जास्त झाला तर रंग काळवंडतो. पोरांचा 'मिडब्रेन', म्हणजे मेंदूचा मधला भाग, जागा करून द्यायचा दावा करणारे क्लासही याच माळेतले, फक्त फी जास्त.

नवशिक्याने काय करावं? १५० अंशांपर्यंतचा थर्मामीटर घ्यावा, पण बघण्याआधी आकडा मोठ्याने सांगावा. आधी अंदाज, मग आकडा. उलट केलं तर चूकच तयार होत नाही. पहिले काही दिवस प्रत्येक आदणाला पडताळावं, मग एकाआड एक. हालचाली शिकण्याच्या १९९० मधल्या एका प्रयोगात निम्म्याच वेळा निकाल कळलेल्यांचं कौशल्य नंतर जास्त टिकलं. दर वेळी उत्तर मिळालं की माणूस त्या उत्तराच्या आधारावरच चालतो. वहीत ऊस तोडून झालेले तास, चुन्याचं माप, अंदाज, खरं तापमान आणि दुसऱ्या दिवशी ढेप कशी निघाली, हे एका ओळीत लिहावं. लागणीचा (नव्याने लावलेला) ऊस झाला की खोडव्याचा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला), असा बदलही मुद्दाम घ्यावा.

थर्मामीटर काहिलीच्या तळाला टेकवू नये. तिथे तो पाक नव्हे, तापलेला पत्रा मोजतो.