स्क्रिप्टला नेमका किती वेळ लागला?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतल्या सर्व्हरवर रात्री बॅकअपची शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल, चालते. तिला लागलेला वेळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, हवाच. आठ मिनिटांचं काम वीसवर गेलं, तर डिस्क थकल्याची किंवा डेटा फुगल्याची पहिली खूण तिथेच दिसते.

बॅश या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘सेकंड्स’ नावाचा, कॅपिटल अक्षरांतला व्हेरिएबल तयारच असतो. कामाआधी त्यात शून्य घाला, काम संपल्यावर वाचा. मिळतात ते पूर्ण सेकंदच, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचं काम कधी ० तर कधी १ दाखवतं. बॅकअपला तेवढं पुरतं.

‘डेट’ कमांडमधून तास-मिनिटं घेऊन वजाबाकी मात्र करू नये. रात्रीचे बारा ओलांडले की उत्तर उणे येतं. शिवाय शून्याने सुरू होणारा आकडा बॅश अष्टमान पद्धतीतला धरते आणि त्या पद्धतीत ८ व ९ हे अंकच नाहीत. म्हणून ०७ मिनिटांना सुरळीत चाललेली स्क्रिप्ट ०८ ला एरर देते. डेटकडून १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद घेतले की या दोन्ही कटकटी मिटतात.

खरी मेख वेगळीच आहे. डेट काय, सेकंड्स काय, दोघांचा आधार मशीनचं घड्याळ, आणि घड्याळ मधेच बदलू शकतं. पावसाळ्यात वीज गेली, मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलेला असला, की मशीन जुनीच तारीख धरून उठतं. स्क्रिप्ट सुरू होते, मग इंटरनेट येतं आणि घड्याळ दुरुस्त होतं. तारीख १५ वर्षांनी पुढे सरकली, तर लॉगमध्ये सुमारे ४७ कोटी सेकंद दिसतील.

लिनक्सवर यावर चांगला उपाय आहे. ‘प्रोक’ फोल्डरमधल्या ‘अपटाइम’ फाइलचा पहिला आकडा म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद, दोन दशांश स्थळांपर्यंत. तारीख बदलली तरी त्यात उडी पडत नाही. बॅशला अपूर्णांकांचं गणित येत नाही, म्हणून टिंब काढून टाका: सुरुवातीचा १८४५२.३७ होतो १८४५२३७, शेवटचा १८९३९.१२ होतो १८९३९१२. फरक ४८६७५ शतांश सेकंद, म्हणजे ८ मिनिटं ६.७५ सेकंद.

काम चालू असताना मशीन रीस्टार्ट झालं, तर हा आकडा पुन्हा शून्यापासून मोजतो. तिथे डेटचे सेकंदच फाइलमध्ये लिहून ठेवावे लागतात.